कमळजिजींचे सारथ्य

विघ्नहर्त्या गजाननाला वंदन करून आणि सूर्यकन्या तापीमातेपुढे मस्तक नमवून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त परवाच्या विजयादशमीचे. बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातील आमच्या गल्लीत वाहनपूजेसाठी मला अजूनही बोलावतात. गुडघे कुरकुरतात, परंतु हळदकुंकवाचे तबक हातात घेतले की चालणे आपोआप होते. बाहेरून पाहावे तर सगळ्या मोटारी सारख्याच; दार उघडून आत अक्षता वाहिल्या की मालकाचा स्वभाव समोर येतो. यंत्रमागवाल्या शेठजींच्या गाडीत आसनांवरचे प्लास्टिक खरेदीच्या दिवसापासून तसेच आहे. केळीच्या व्यापाऱ्याने काचांना पडदे लावून मागे लोड ठेवला आहे. एका तरुणाच्या गाडीत निळे दिवे असे लुकलुकत होते की मंत्र म्हणताना माझी ओळ चुकली. पूजा आटोपून परत येताना कमळजिजींच्या ओट्यासमोर पाय थबकले. तेथे यंदा गाडी नव्हती.

जिजी मूळच्या जवळच्याच दापोरा गावच्या. तापीकाठी त्यांची केळीची बाग. पती गेल्यावर त्या बुधवाऱ्यातील घरी राहू लागल्या आणि माझ्या शेजारीण झाल्या. बुटका बांधा, कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका, आणि आवाज असा की पहिल्या मजल्यावरून हाक मारली तर चौकातला रिक्षावाला थांबावा. पती गेल्याच्या वर्षीच त्या गाडी शिकल्या, तेही बागेत, ट्रॅक्टरवर. दीर म्हणाले होते, "वहिनी, आता तुम्ही घरी बसा, बाग मी पाहतो." जिजी उठून बागेत गेल्या. त्या ट्रॅक्टरवर चढल्या. पुढे जुनी मोटार घेतली आणि रोज सकाळी स्वतः चालवत दापोऱ्याला जाऊ लागल्या. केळी कापायच्या दिवशी व्यापारी उजाडतानाच बागेत उभा राहतो; घड कोणता घ्यायचा, कोणता टाकायचा, हे तो ठरवतो. त्या वेळी मालक तेथे नसला तर मालकी नावापुरतीच उरते, हे त्या जाणून होत्या.

त्यांची गाडीत बसण्याची रीत पाहण्यासारखी होती. दार उघडायच्या, उंबऱ्यावर चपला काढायच्या, त्या उचलून डाव्या पायाशी ठेवायच्या आणि अनवाणी बसायच्या. समोर देवीची लहानशी तसबीर होती; देवासमोर चपला घालून बसणे त्यांच्या मनास पटेना. बसायला खाली घडी केलेली गोधडी, कारण त्याखेरीज रस्ता दिसत नसे. मग स्टिअरिंगला उजवा हात लावून तो डोळ्यांना लावायच्या. काचा चारही उघड्या. उन्हाळ्यात बुऱ्हाणपूरची हवा भट्टीतून आल्यासारखी येते, तरी वातानुकूलन चालू करायच्या नाहीत.

"जिजी, काच लावा, डोकं तापतं," एकदा मी मागच्या आसनावरून विनविले.

"शास्त्रीजी, काच लावली का मी बहिरी. कोनाची मोटर चालू हाय, कोनाची बंद पडली, कोन हाक मारून राहिलं, हे सगळं कानानं कळते. तुमचं डोकं तापलं तर उपरनं बांधा."

मी उपरणे बांधले. त्यांच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचे मला आठवत नाही.

बोलताना त्या गाडीला घराची खोली म्हणत. "माझी ही खोली दापोऱ्याले जाते अन् येते," असे सांगत. त्या खोलीत पाण्याची तांब्याची कळशी एका दोरीने बांधलेली असे, गुळाचा डबा असे आणि मागच्या काचेपाशी विळे, सुतळी, कुणाच्या तरी मुलीच्या बाळंतविड्याचे सामान. रस्त्यात कोणी बाई डोक्यावर ओझे घेऊन दिसली की गाडी थांबे. "बस, पाय वर घे, तिथं खताची पिशवी हाय," एवढे म्हणून पुढे निघत. त्या बाईचे नाव गाव मागाहून विचारीत.

त्यांचा एकुलता पुत्र प्रशांत जर्मनीत असतो. तो अभियंता आहे, आणि त्याचे काम ऐकून गल्लीला आधी हसू आले होते: मोटारीच्या आतली आसने कशी असावीत, हे तो ठरवतो. निरनिराळ्या देशांतील गाडी चालवणाऱ्यांना काय सुखकर वाटते, हे विचारून त्याप्रमाणे आसने घडवायची, असा त्याचा व्यवसाय. दोन वर्षांमागे तो रजेवर आला आणि आईसाठी नवी गाडी घेतली. तिला क्लच नव्हता. गिअर आपले आपण बदलत. आईचे गुडघे दुखतात, डाव्या पायाला विश्रांती मिळेल, हा त्याचा हेतू.

गाडी दारात आली त्या संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. प्रशांतने पहिले काम केले ते आसनांवरचे प्लास्टिक फाडण्याचे. जिजी ओरडल्या, "अरे, नवं हाय, मळेल ना!"

"मळू दे, जिजी. सीटच्या बाजूला हवेची पिशवी असते. धडक बसली की ती फुगून बाहेर येते. प्लास्टिकनं अडली तर?"

जिजींनी उरलेले प्लास्टिक स्वतः ओढून काढले. पटलेली गोष्ट त्या लगेच मान्य करीत. न पटलेली शतवार सांगूनही नाही.

मग तो आपल्या कामाविषयी सांगू लागला. "जर्मन माणसाला सीट कडक लागते. मऊ सीट दिली की तो म्हणतो, कंबर धरली. अमेरिकेत आधी विचारतात, पेला कुठं ठेवायचा? चीनमध्ये दुपारी गाडीतच डुलकी काढतात, म्हणून सीट आडवी झाली पाहिजे. आणि थंड देशांत तर सीट खालून गरम लागते."

"गरम सीट? पैसे देऊन?" जिजींनी विचारले.

"हो, जास्तीचे पैसे देऊन."

"आपल्याकडे फुकट भेटते की. गाडी बारा वाजता उन्हात लावायची."

गल्ली हसली. प्रशांतही हसला. जिजी मात्र हसता हसता थांबल्या. "अन् हिंदुस्थानात काय लागते रे?"

"इथं कंपन्या मागच्या सीटचा विचार जास्त करतात. मालक मागे बसतो ना. पाय पसरायला जागा, मागेसुद्धा गार हवा."

"अन् मालकच पुढं बसून चालवत असला तर? अन् तो मालक बाई असली तर? लुगडं नेसलेली, तुझ्या कमरेएवढी? मले कोनी इचारलं?"

प्रशांतने हातातले प्लास्टिक खाली ठेवले. तो म्हणाला, "बरं, आता मी विचारतो. बोल, तुला काय पाहिजे?"

"आधी चालवून पायते. मंग सांगते," जिजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दापोऱ्याला बागेत सत्यनारायण होता. जिजी चालवीत होत्या, शेजारी प्रशांत, मागे मी आणि पूजेचे साहित्य. आता जे घडले त्याचे कारण मला मागाहून उमगले. ते येथेच सांगतो. जुन्या गाडीत जिजींचा डावा पाय सदैव क्लचपाशी असे आणि त्या पायाच्या आडोशाला चपला जागच्या जागी राहत. नव्या गाडीत डाव्या पायाला काम उरले नाही. तो टेकायला जी जागा दिली होती ती लांब पायाच्या माणसासाठी. जिजींचा पाय तिथवर पोहोचेना आणि लोंबकळून बधिर होऊ लागला. तेव्हा, पाटावर बसून भाजी निवडताना आमच्या बायका घेतात तसा, त्यांनी तो पाय मांडी मोडून आसनावर घेतला. प्रशांतच्या ते ध्यानात आले नाही, कारण लुगड्याच्या घोळात मांडी दिसत नाही. चपलांना मात्र आता राखणदार नव्हता.

दापोऱ्याच्या अलीकडे वळणावर केळीने भरलेली ट्रॉली उभी होती. जिजींनी ब्रेक दाबला. तो दबला नाही. घसरत आलेली एक चप्पल त्याच्याखाली अडकली होती.

"जिजी, ब्रेक!" प्रशांत ओरडला.

जिजींनी किंकाळी फोडली नाही, हे मी साक्षीने सांगतो. त्यांनी डाव्या हाताने हँडब्रेक ओढला आणि गाडी रस्त्याच्या कडेला घातली. तेथे बागेतून कापून काढलेल्या केळीच्या खांबांचा ढीग होता. गाडी त्यात शिरली आणि मऊसा आवाज करून थांबली. माझ्या मांडीवर पंचामृताचे पातेले उपडे झाले. ट्रॉलीवरचा माणूस धावत आला, "जिजी, लागलं तर नाही?"

"नाही रे बापा. शास्त्रीजींचा अभिषेक झाला तेवढा," जिजी म्हणाल्या, पण स्टिअरिंग त्यांनी अजून सोडले नव्हते.

प्रशांतने वाकून ती चप्पल बाहेर काढली. बराच वेळ हातात धरून पाहिली. मग गाडी बंद केली, चावी खिशात घातली आणि शांतपणे म्हणाला, "आजपासून तू चालवायचं नाही. मी ड्रायव्हर ठेवतो. पगार मी पाठवीन."

"अन् मी?"

"तू मागे बस. आरामात."

"म्हंजे सामान," जिजी म्हणाल्या.

दीर पूजेला आलेच होते; प्रशांतचा निर्णय त्यांच्या कानी गेला होता. तीर्थ घेताना त्यांनी सर्वांदेखत म्हटले, "बरं झालं प्रशांत, तूच बोलला. ड्रायव्हरचा खर्च कशाला? वहिनी घरी बसतील, बाग मी पाहीन." जिजींनी प्रसादाचा द्रोण खाली ठेवला. बागेतून निघेपर्यंत त्यांनी कोणाकडेच मान वर करून पाहिले नाही.

सायंकाळी मी संध्या करून उठलो तो त्या माझ्या दारात उभ्या. हातात त्याच चपला.

"शास्त्रीजी, एक इचारते. पोथीतलं सांगा, मन राखायचं नको. देवापुढं चपला घालून बसलं तर दोष लागते का?"

मी त्यांना बसावयास सांगितले. घाईने उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. चित्तशुद्धीने त्या अनवाणी बसत होत्या, आणि तीच शुद्धी आज संकटाचे कारण झाली होती. अखेर मी विचारले, "जिजी, गाडीत देवीला कशासाठी बसविले आहे?"

"सांभाळायले."

"मग सांभाळण्याच्या आड जे येते ते तिला कसे रुचेल? अनवाणी चालवा, त्यात मला दोष दिसत नाही. घालून चालवा, त्यातही नाही. परंतु काढलेली पादत्राणे सारथ्याच्या पायाशी ठेवणे हे मात्र अधर्म्य आहे. गाडीत बसलेल्यांचे प्राण सारथ्याच्या हाती असतात."

जिजींनी चपलांकडे पाहिले. "म्हंजे चुकलं ते माझंच."

"तुमचे चुकले. प्रशांतचेही थोडे. तुमचा पाय कोठवर पोहोचतो, हे त्याने पाहिले नाही."

त्या उठल्या. "मंग दोघं मिळून दुरुस्त करू. त्याची रजा संपायच्या आत. नाहीतर हा जाईल अन् चावी दिराकडं जाईल."

सकाळी गाडी प्रशांतलाच चालवायला लावून त्या त्याला ओढतच रफीकभाईंकडे घेऊन गेल्या. मीही मागोमाग गेलो. रफीकभाई मोटारींची आसने शिवतात. दुकानात रेक्झिनचा आणि फोमचा वास, भिंतीवर कव्हरांचे तुकडे टांगलेले.

"आओ जिजी, आज कौनसा कव्हर लावायचा? लाल?"

"कव्हर नको. माझा पोरगा मले इचारनार हाय, काय पायजे म्हनून. तू साक्षीदार."

त्यांनी चपला डिकीत टाकल्या, तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी येऊन आसनावर बसल्या आणि पाय खाली सोडला. "हे बघ. हा पाय कुठं ठेवू?"

प्रशांत खाली गुडघ्यांवर बसला. आईचा पाय आणि ती टेकायची जागा, यांत वीतभर अंतर होते. त्याने तो पाय हातात घेतला, टाच मोजली, घोट्याचा कोन पाहिला. मग रफीकभाईंकडे वळला. "इथं लाकडाचा उतरता पाट बसेल का? हलला नाही पाहिजे. खालून बोल्ट."

"बसेल ना. उपर रबर लावून देतो, पाव फिसलणार नाही."

"आणि ही गोधडी," प्रशांतने ती ओढून काढली, "ही घसरते. ब्रेक मारला की तू बेल्टखालून पुढे सरकशील."

"गोधडी काढली तर मले आभाळ दिसते, रस्ता नाही."

प्रशांतने आसनाच्या बाजूचा दांडा वर खाली केला. आसन वर येऊ लागले. जिजी वर येताना पाहून रफीकभाई टाळी वाजवून म्हणाले, "अरे वा, जिजी तर लिफ्टमधी बसल्या!"

"हे असं होते?" जिजींनी मुलाच्या पाठीत चापट मारली. "अन् मेल्या, हे काल नाही सांगितलं?"

"मला वाटलं, माहीत असेल."

"तुझ्या जर्मनीले माहीत असन. मले नाही."

त्या अपघातानंतर आई आणि मुलगा प्रथमच एकत्र हसले. परंतु चावी प्रशांतच्या खिशातच राहिली. पाट बसला, तरी तो म्हणाला, "जिजी, मला भीती वाटते. इथं काही झालं तर मी तिथून येईपर्यंत..." तो वाकून पाटाचा बोल्ट पुन्हा आवळू लागला.

"भीती मलेही वाटली," जिजी म्हणाल्या. "पन म्हनून मी ट्रॅक्टरवरून उतरली नव्हती. तुले अवघड वाटेल असा रस्ता सांग. मी चालवते, तू शेजारी बस. मंग जे म्हनशील ते. ड्रायव्हर म्हनशील तर ड्रायव्हर."

त्याने असीरगडाचा घाट सांगितला.

निघालो त्या दिवशी मी पुनश्च मागे, कारण जिजींना तिऱ्हाईत साक्षीदार हवा होता. चपला डिकीत. दोन्ही पाय खाली, डावा पाटावर. काचा उघड्या. घाट चढू लागलो आणि मला एक गोष्ट दिसली: प्रत्येक वळणावर प्रशांतचा उजवा पाय खालची जमीन दाबीत होता, जणू तेथेही ब्रेक आहे. जिजींनाही ते दिसले असावे. वर गडाच्या पायथ्याशी आम्ही चहा घेतला.

"उतरताना मी घेऊ का, जिजी?"

"का? बसून बसून दमला?"

उतारावर अर्ध्या वाटेत कापसाच्या गठाणींचा ट्रक समोरून आला, वळण कापत, आमच्या बाजूला. मी डोळे मिटले आणि नामस्मरण केले. गाडी सावकाश थांबली. डोळे उघडले तेव्हा ट्रक खिडकीला जवळपास घासून जात होता आणि त्याचा चालक हात जोडीत होता, "माफ करना, माताजी!"

"माताजी बाद में, पहले अपनी साइड पकड!" जिजींनी त्याला सुनावले आणि गाडी पुढे काढली. मी प्रशांतच्या पायाकडे पाहिले. तो ब्रेक शोधत नव्हता.

बुधवाऱ्यात दारासमोर जिजींनी गाडी बंद केली. चावी काढली आणि उघड्या तळहातावर ठेवून मुलापुढे धरली. "घे. सांग आता."

प्रशांत त्या तळहाताकडे पाहत राहिला. केळीच्या चिकाचे काळे डाग त्या हातावरून कधी गेले नव्हते. त्याने स्वतःच्या दोन्ही हातांनी आईची बोटे एकेक करून चावीवर मिटवली.

"उद्या केळी कापायची आहे ना, जिजी? काकांना सांगतो, तू येते आहेस."

"उद्या कशाला? आताच चल, आपनच सांगू." चावी पुन्हा लावीत त्या माझ्याकडे वळल्या. "शास्त्रीजी, उतरा बरं. आम्हाले उशीर होऊन राहिला."

मी उतरलो. दुसऱ्याच दिवशी मी कन्येकडे नाशिकला गेलो आणि प्रकृतीमुळे तेथेच अडकलो. जिजी त्यानंतरही बाग पाहत होत्या, व्यापाऱ्यांशी स्वतः भाव ठरवीत होत्या, हे पत्रांतून आणि फोनवरून कळत असे. गेल्या हिवाळ्यात दापोऱ्याच्या घरी झोपेतच त्यांनी देह ठेवला. मी परतलो तो यंदाच, आणि मला त्यांचे दर्शन पुन्हा घडले नाही. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचे शेवटचे दर्शन तेवढेच आहे: गल्लीच्या तोंडाशी गाडी वळत आहे, उघड्या खिडकीतून त्यांचा आवाज मुलाला काहीतरी दटावीत आहे, आणि गाडी दापोऱ्याच्या रस्त्याला लागली आहे.

हे वाचणाऱ्या सज्जनहो, आपल्या घरातील प्रत्येकाला, लहान असो की वृद्ध, स्वतःच्या मापाचे आसन लाभो. आपल्या गृहातून जो जो प्रवासाला निघेल त्याचा मार्ग निष्कंटक असो, आणि त्याची वाट पाहणाऱ्यांच्या उंबऱ्यावर जगन्माता अहोरात्र जागी राहो. कल्याणमस्तु.